पोरगं गावात टिकेल कसं?
(दर्यापूर भागातील शेतकरी कुटुंबांसाठी)



मे महिन्यात आपल्याकडे दोन कामे एकदम अंगावर येतात. वावराची मशागत उरकून बी-बियाण्याची जुळवाजुळव करायची असते, आणि त्याच दिवसांत दहावी-बारावीचे निकाल लागतात. पैशाची पिशवी एकच. तिच्यातून कपाशीच्या थैल्या आणायच्या, खत आणायचे, आणि त्यातूनच पोराची फी भरायची. मग घरोघरी एकच बोलणे ऐकू येते. बाप विचारतो, "आता पुढं काय करतं बापू?" पोरगं म्हणते, "पाहू. नाही तं पुण्याले जातो. गावात काय ठेवलं हाय?"

पोरगं काही खोटे बोलत नाही. गावात काय ठेवले आहे, याचे उत्तर बापाजवळही नसते. म्हणून या पत्रकात त्याच प्रश्नाचा थोडा विचार करू. कोणी गाव सोडूच नये असे आमचे म्हणणे नाही. डॉ. पंजाबराव देशमुख आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. १८९८ साली जन्मले, शिक्षणासाठी थेट विलायतेला गेले. पण परत आले. १९३२ साली त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि शेतकऱ्यांची पोरे शाळा-कॉलेजात बसू लागली. दर्यापूरचे जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय हे त्याच संस्थेचे. तेव्हा जाण्यात वाईट काही नाही. अडचण आहे ती मजबुरीने जाण्याची. हाती कसब नाही, ओळख नाही, आणि मिळेल त्या पगारावर दुसऱ्याच्या गावात दिवस काढायचे, हे जाणे वेगळे.

आधी पाण्याचे बोलू

शिक्षण आणि नोकरी यांवर लिहायला बसलो आणि पाण्यापासून सुरुवात का, असे कोणी म्हणेल. पण दर्यापूर भागात सगळ्याच गोष्टी पाण्यापाशी येऊन थांबतात. आपला तालुका पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. जमीन काळी, खोल, कसदार. पण खाली विहीर खणावी तर पाणी खारे. ते पिण्याच्या कामाचे नाही आणि ओलिताच्याही कामाचे नाही. तरी कोणी हौसेने दिलेच, तर दोन-चार वर्षांत माती चिवट होते, पाणी मुरत नाही, पावसात चिखल आणि उन्हात ढेकूळ. जुनी माणसे खाऱ्या पाण्याच्या गावात लेक द्यायला कचरत, ते उगीच नाही. पिण्याच्या पाण्याची अडचण शहानूर धरणाच्या नळयोजनेने बरीच हलकी केली. वावराची अडचण मात्र राहिली.

आता हे पोरांशी कसे जुळते ते पाहा. पावसावर कपाशी, तूर, मूग, उडीद, सोयाबीन घेतले की कामाचा जोर जून ते डिसेंबर. ओल टिकली तर हरभरा. त्यानंतर चार-पाच महिने वावर रिकामे आणि पोरगंही रिकामे. वीस-बावीस वर्षांच्या जवान माणसाला वर्षातले पाच महिने पारावर बसवून ठेवले तर ते टिकेल कसे? एक तर बिघडेल, नाही तर जाईल. जाते तेच बरे, असे बापालाही वाटू लागते.

यावर आपल्या पट्ट्यात लागू पडलेला उपाय म्हणजे पावसाचे गोडे पाणी वरच्यावर धरणे. शेततळे. राज्य शासनाचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ साली सुरू झाला, त्यात पूर्णा खोऱ्यातली ९०० च्या वर खारपाणपट्ट्याची गावे मुद्दाम घेतली होती. ज्यांनी तेव्हा तळी केली त्यांचा अनुभव शेजारच्यांनी जरूर विचारून घ्यावा. हिशेब सोपा आहे. वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, आणि ३ मीटर खोल, बाजूला सारखा उतार, असे तळे घेतले तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एका एकरावर ५ सेंटिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे २ लाख लिटर लागते. म्हणजे भरलेल्या तळ्यात अकरा एकरांचे एक पाणी आले. त्यातले तिसरा हिस्सा उन्हाने आणि पाझराने गेले असे धरा. तरी सात एकर हरभऱ्याला एक पाणी, किंवा साडेतीन एकराला दोन पाणी हाती राहते. आपली काळी माती पाणी लवकर मुरू देत नाही, हा तिचा दोष इथे गुण ठरतो. तळे मात्र फार खोल नेऊ नये, खालच्या खाऱ्या पाण्याशी गाठ पडते. पाणी तुषार संचानेच द्यावे, पाटाने सोडले तर हा सगळा हिशेब कोलमडतो.

फुले लागताना आणि घाटे भरताना हरभऱ्याला पाणी मिळाले की पीक हमखास पदरात पडते. मूग साठ-सत्तर दिवसांत निघतो, त्या मागे हरभरा. अकोल्याच्या विद्यापीठाने दिलेला जाकी ९२१८ हा वाण आपल्याकडे चांगला रुळला आहे. अशा वावरात ऑक्टोबर ते मार्च पोराला काम असते, आणि काम असले म्हणजे ते घरच्या धंद्यात मन घालते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. पोपटराव पवार तिथे सरपंच झाल्यावर, १९९० च्या सुमारापासून, गावाने आधी पाणी अडवले, कूपनलिकेने ओलित करण्यावर बंदी घातली, जास्त पाण्याची पिके सोडली. पुढे कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. आपली माती वेगळी, पाऊस वेगळा, म्हणून त्यांची नक्कल करून चालायचे नाही. पण माणसे परत येण्याच्या आधी पाणी आले, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

दहावीनंतरची वाट

आता शिक्षणाचे. आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे की जास्त शिकला म्हणजे नोकरी लागली पाहिजे, आणि नोकरी म्हणजे सरकारी. ती मिळाली तर उत्तमच. पण जागा थोड्या आणि उमेदवार हजारो, हे गावातल्या लहान पोरालाही आता ठाऊक आहे. तरी पदवी झाल्यावर पोरगं स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली अमरावतीत किंवा पुण्यात खोली घेते, आणि तीन, चार, पाच वर्षे निघून जातात. बाप दरवर्षी एक-दोन क्विंटल तुरीचे पैसे पाठवत राहतो. परीक्षा द्यायला आमची ना नाही. मात्र किती वर्षे द्यायची हे बापलेकांनी आधीच समोरासमोर बसून ठरवावे, आणि सोबत हाताला एखादे कसब असावे.

ते कसब कुठे मिळते? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये. दहावीवर प्रवेश होतो. विजतंत्री आणि जोडारी हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, संधाता म्हणजे वेल्डर एक वर्षाचा. ट्रॅक्टर दुरुस्ती, मोटार दुरुस्ती हेही असतात. पुष्कळ घरांत आयटीआय म्हटले की नाक मुरडतात, "नापास पोराची शाळा" म्हणतात. हे बरोबर नाही. गावात आज ट्रॅक्टर किती, मोटारपंप किती, तुषार संच किती, मोजून पाहा. ट्रॅक्टरचा नांगर तुटला, मोटार जळाली, की आपण ती बंडीत नाही तर गाडीवर टाकून तालुक्याला नेतो आणि पेरणीच्या ऐन दिवसांत दोन दिवस मोडतात. तेच काम गावातल्या पोराने केले तर? राज्यात २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून सौर पंप बसवायला लागले. ते बसवणारे, दुरुस्त करणारे हात कोणाचे असतील? एक तर बाहेरच्या कंपनीचा माणूस येईल, किंवा आपल्या गावचा विजतंत्री जाईल.

आयटीआयचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम आले असे मात्र समजू नये. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. त्याप्रमाणे कारखान्यात वर्षभर विद्यावेतनावर काम शिकता येते. हे वर्ष पोराने चुकवू नये. आम्ही तर म्हणू, या वर्षासाठी पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला, नागपूरला खुशाल जावे. चांगल्या कारखान्यात वर्षभर हात बसला म्हणजे मग गावात दुकान टाकताना गिऱ्हाईक विश्वास ठेवते. हे जाणे परत येण्यासाठीचे जाणे आहे.

ज्याला शेतीतच राहायचे त्याने शेतीचे शिक्षण घ्यावे. दहावीनंतर कृषी पदविका आहे, बारावी विज्ञानानंतर कृषी पदवी आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले, ते आपल्या उंबरठ्यावर आहे म्हणायला हरकत नाही. इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. खते आणि कीटकनाशके विकण्याच्या परवान्यासाठी आता कृषी किंवा रसायनशास्त्राचे शिक्षण, नाही तर त्या कामाची ठरलेली पदविका लागते. पूर्वीसारखे कोणीही दुकान थाटू शकत नाही. तेव्हा कृषी पदवीधर पोराला गावात कृषी सेवा केंद्र काढण्याची वाट मोकळी आहे. कृषी पदवीधरांसाठी केंद्राची कृषी चिकित्सालय योजना २००२ साली निघाली, तिच्यात प्रशिक्षण आणि कर्जाची जोड होती. माती-पाणी तपासणी हा तर आपल्या पट्ट्यासाठी खास धंदा आहे. कोणत्या विहिरीचे पाणी किती खारे, कोणत्या वावराला जिप्सम लागेल, हे सांगणारा माणूस जवळपास असावा. ते काम विज्ञान शाखेची मुलगीही करू शकते.

अमरावती जिल्ह्यात घातखेड आणि दुर्गापूर (बडनेरा) इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. ज्यांचे शिक्षण आठवी-नववीत सुटले त्यांनाही तिथल्या लहान लहान प्रशिक्षणांचा लाभ घेता येतो. शेळीपालन, कुक्कुटपालन, रोपवाटिका, बीजोत्पादन. पत्र टाकावे किंवा समक्ष जाऊन विचारावे.

पगाराचा आकडा आणि हाती उरलेला पैसा

पुण्याहून सणाला आलेला पोरगा नवा फोन, नवे बूट घालून येतो. पारावरचे बाकीचे त्याच्याकडे पाहतात. त्याचा पगार सगळे विचारतात, खर्च कोणी विचारत नाही. आपण विचारू. समजा कारखान्यात कंत्राटी काम मिळाले आणि महिन्याला १६,००० रुपये हातात आले. चौघांच्या खोलीत भाड्याचा हिस्सा ३,५००, खानावळ ४,०००, जाणे-येणे १,०००, फोन, कपडे, औषध मिळून २,०००, गावी येण्या-जाण्याचा खर्च महिन्यावर वाटला तर ५००. एकूण ११,०००. उरले ५,०००. काम सुटले त्या महिन्यात उलटा घरूनच पैसा जातो. हे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. ज्याचा पोरगा बाहेर आहे त्याने आपले खरे आकडे घालून बघावे. कोणाचे जास्त उरतील, कोणाचे कमी.

गावात महिन्याला ८,००० मिळवणारा वेल्डर पोरगा घरी जेवतो, घरी झोपतो, आणि पेरणीला, वेचणीला उभा राहतो. मजुरीचे दिवस वाचतात. आईबापाचे दुखले-खुपले पाहतो. हा सगळा पैसाच आहे, फक्त तो मोजला जात नाही. तरी एक मान्य केले पाहिजे. पहिली दोन वर्षे गावातल्या धंद्यात महिन्याला ८,००० येतीलच असे नाही. उधारी ही गावाची जुनी खोड आहे. "देतो ना बापा, पऱ्हाटी निघू दे" असे म्हणत दहा घरची उधारी बसली की नव्या पोराचा धंदा बुडतो. गावातल्या पोराने गावात राहावे असे वाटत असेल तर गावाने त्याचे पैसे रोख द्यावेत. बाहेरच्या मिस्त्रीला आपण रोख देतो, मग घरच्याला उधारी का?

जमीन नसलेल्या मजूर कुटुंबाचे इथे वेगळे सांगितले पाहिजे. त्यांच्या पोराला घरच्या वावराचा आधार नाही, म्हणून त्याला गावात ठेवायचे तर कसब हाच एक आधार. गावात ट्रॅक्टर दुरुस्ती किंवा विजेचे काम शिकायला कोण जाईल याचा विचार होईल तेव्हा या घरांचा विचार आधी व्हावा. ग्रामपंचायतीने गाळा दिला तर त्यांना सुरुवात करता येते.

कच्चा माल गेला, माणूसही गेला

मूर्तिजापूरहून दर्यापूरवरून अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे आता बंद आहे, पण जुन्या लोकांना ती चांगली आठवते. विलायती कंपनीने ती बांधली ती मुख्यतः वऱ्हाडचा कापूस न्यायला. इथून गाठी जायच्या, आणि कापड होऊन परत आपल्याच बाजारात यायच्या. कापूस पिकवणाऱ्याला एक पैसा, कापड विणणाऱ्याला चार पैसे. सरकी काढून गाठ बांधण्यापुरते काम जिनिंगमध्ये इथे राहिले, बाकी सगळे बाहेर. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तिने भावाचा प्रश्न हाती घेतला. पण कापसाचे कापड इथे झाले नाही ते नाहीच. तुरीचे, मुगाचे, हरभऱ्याचे तेच. माल कच्चा विकला म्हणजे त्यावरचे काम कच्च्या मालासोबत दुसऱ्या गावाला जाते, आणि कामामागे पोरगं जाते.

अकोल्याच्या विद्यापीठाने पीकेव्ही मिनी डाळ मिल तयार केली ती याच विचाराने. यंत्र लहान आहे, गावात बसते, एक-दोन माणसे ते चालवू शकतात. तुरीला आधी साफ करून, चाळून, दाण्यावर ओरखडे पाडून, तेल-पाणी लावून वाळवावे लागते, मग सालपट सुटते. मूग आणि हरभरा त्या मानाने सोपे. पाणी लावण्याच्या कामी नळाचे गोडे पाणीच वापरावे.

यातला हिशेब आम्ही फुगवून सांगणार नाही. समजा तूर ७,००० रुपये क्विंटल आहे. एका क्विंटलमधून ७० किलोच्या आसपास डाळ मिळते. ती ११० रुपये किलोने विकली तर ७,७०० झाले. चुनी आणि कोंडा २५ किलो, १५ रुपयांनी ३७५. एकूण ८,०७५. भरडाई समजा ६०० दिली. म्हणजे कच्ची तूर विकण्यापेक्षा क्विंटलमागे ४७५ रुपये शेतकऱ्याला जास्त. डाळ विकायला जे हिंडावे लागेल त्याची मेहनत वेगळी. फार मोठा फायदा नाही. भाव पडले तर तेवढाही नाही. पण भरडाईचे ६०० रुपये कोणाच्या खिशात गेले ते पाहा. दिवसाला ३ क्विंटल आणि हंगामात १०० दिवस यंत्र चालले तर १,८०,००० रुपयांची भरडाई गावातच राहिली. वीज, मजुरी, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता यांत निम्मे गेले तरी ९०,००० रुपये एका पोराच्या घरात आले. सोबत आटाचक्की आणि मिरची कांडप जोडले तर वर्षभर शटर उघडे राहते. नुसत्या डाळ मिलवर घर चालवायला जाऊ नये. आणि एका गावात एकच. शेजारच्याची चालली म्हणून तीन जणांनी तीन आणल्या, की तिघेही बसले. आपल्याकडे हे फार होते.

जपानमध्ये ओइता नावाचा प्रांत आहे. तिथल्या ओयामा या डोंगरातल्या लहान गावाने १९६१ साली ठरवले की नुसत्या भातावर पोट भरत नाही, तर आलुबुखाऱ्याच्या जातीची आंबट फळे आणि चेस्टनट नावाचे कवचाचे फळ लावू, आणि त्यांचा पक्का माल करून विकू. तिथेही जवान पोरे शहराकडे चालली होती. १९७९ साली त्या प्रांताच्या गव्हर्नरांनी तीच रीत सगळ्या गावांना लावली, प्रत्येक गावाने आपला एक माल नावारूपाला आणावा. दर्यापूरची मुगाची किंवा तुरीची डाळ अमरावती-अकोल्याच्या बाजारात नावाने का विकली जाऊ नये? पाच-पंचवीस शेतकऱ्यांनी मिळून उत्पादक कंपनी काढली तर एकट्याचे हिंडणे वाचते. अशा कंपन्यांची सोय कायद्यात २००३ पासून आहे.

मोठ्या कारखान्यांचेही लोक विचारतात. अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथे पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची घोषणा २०२३ साली झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पायाभरणी झाली. कापूस पिकतो त्याच जिल्ह्यात सूत आणि कापड झाले तर आनंदच आहे. दर्यापूरचा पोरगा रविवारी घरी येऊ शकेल एवढ्या अंतरावर काम मिळेल. पण तिथे लागणारी माणसे शिकलेली लागतील. विजेचे, यंत्रदुरुस्तीचे, शिलाईयंत्राचे काम येणाऱ्याला आधी घेतील. कारखाना उभा राहिल्यावर शिकू म्हणणारा बाहेरच्या राज्यातल्या कारागिराच्या मागे राहील.

लेकीचे शिक्षण

आतापर्यंत पोराचे बोललो, पण गाव टिकण्याची अर्धी गोष्ट लेकीची आहे. आज शेतकऱ्याच्या पोराचे लग्न जमत नाही ही तक्रार गावोगाव आहे. शिकलेली मुलगी म्हणते, मला शेतात जाणारा नको. तिला दोष देण्याआधी एक प्रश्न विचारावा. बारावी, पदवी शिकून ती गावात आली तर तिच्यासाठी गावात काय आहे? रांधणे, निंदणे आणि वेचणी. तिने शिकलेल्याचा काही उपयोगच नसेल तर ती का यावी? गावात काम काढायचे तर ते तिच्यासाठीही काढले पाहिजे. डाळ मिलचा हिशेब, माती तपासणी, बचत गटाची डाळ-पापड-मसाल्याची विक्री, शिलाई. यांत लेकी-सुना पुढे असल्या तर मग लग्नाच्या बोलणीतही फरक पडेल.

आपल्याच मुलखातले गाडगेबाबा, १८७६ साली शेंडगावला जन्मलेले. शेंडगाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. बाबा स्वतः शाळेत गेले नाहीत, पण कीर्तनात लोकांना कळवळून सांगत की घरचे भांडे गेले तरी चालेल, पण लेकराला शाळेत घाला. त्यांनी पोर आणि पोरगी असा भेद सांगितला नाही. अमरावतीच्या विद्यापीठाला, १९८३ साली निघालेल्या, त्यांचेच नाव आहे.

मुलीची शाळा सुटते ती बहुतेक वेळा फीमुळे नव्हे, एस.टी.मुळे. गावापर्यंत बस नाही, किंवा आहे ती अंधार पडल्यावर येते. बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा पास फुकट मिळतो. पण बसच नसेल तर पास काय कामाचा? इथे ग्रामसभेने थोडी हालचाल केली पाहिजे. शाळा-कॉलेजच्या वेळा, मुलींची संख्या आणि हवी असलेली फेरी असा ठराव लिहून दर्यापूर आगाराला द्यावा, एक प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहीची जोडावी. तोंडी तक्रार विरून जाते, कागद राहतो. दोन-तीन गावे मिळून गेली तर फेरी मिळण्याचा संभव वाढतो.

उच्च शिक्षणाचे म्हणाल, तर २०२४-२५ पासून राज्य शासनाने ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. यात कृषी शिक्षणही आहे. प्रवेश मात्र शासनाच्या ठरलेल्या केंद्रीय प्रवेश पद्धतीनेच झाला पाहिजे, परस्पर संस्थेत पैसे भरून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत लागू नाही. पोरांसाठी आणि पोरींसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याच नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी ती कॉलेजात विचारावी.

धंद्याला पैसा कुठून

सावकाराकडून नको, आणि वावर विकून तर मुळीच नको. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ साली सुरू झाला, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ साली. दोन्हींत बँकेचे कर्ज, काही हिस्सा शासनाचे अनुदान आणि थोडी स्वतःची रक्कम अशी रचना ठेवलेली होती. अटी आणि मर्यादा बदलत असतात, म्हणून अमरावतीच्या जिल्हा उद्योग केंद्रात या वर्षीचे नियम समक्ष विचारावेत. मधल्या माणसाला "अनुदान काढून देतो" म्हणून पैसे देऊ नयेत. अनुदानाकडे पाहून यंत्र घेणारा पुष्कळदा फसतो. अनुदान एकदाच मिळते, हप्ता दर महिन्याला द्यायचा असतो. आधी गावात त्या कामाला गिऱ्हाईक किती ते मोजावे. डाळ मिल घ्यायची तर आपल्या आणि शेजारच्या चार गावांत तुरीचे एकर किती, त्यातले किती जण भरडायला देतील, हे घरोघरी फिरून वहीत लिहावे. बँकेचे साहेबही तेच विचारतात, आणि वही दाखवली की बोलणे पुढे सरकते.

कागदपत्रांची तयारी निकालाच्या आधीच करून ठेवावी. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेयर, सातबारा आणि आठ-अ, बँकेचे पासबुक, आधार. निकाल लागल्यावर तहसील आणि सेतू केंद्रावर गर्दी उसळते, संगणक बंद पडतो, आणि प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. मार्च-एप्रिलमध्ये तूर विकायला दर्यापूरला जाल तेव्हा त्याच फेरीत अर्ज देऊन यावा. सोबत पोराला किंवा पोरीला न्यावे, म्हणजे आपल्या कागदांची ओळख त्यांनाही होते.